जोडउत्पन्न : विद्या विकावी, खुर्ची विकू नये

(एका तालुक्याच्या ठिकाणी औद्योगिक वसाहतीतील मनुष्यबळ अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी आपल्या पगाराला जोडउत्पन्नाची पुस्ती कशी द्यावी, हा विषय शासनाच्या माहिती अधिकाऱ्याने मांडावा, हे थोडे विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शेतकऱ्याने शेतीला दुग्धव्यवसायाची, कुक्कुटपालनाची किंवा रेशीम उद्योगाची जोड द्यावी, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत आणि त्यात कोणालाही गैर वाटलेले नाही. मग पगारदार माणसाच्या जोडधंद्याबद्दलच आपण कुजबुजत का बोलतो? उघडपणे न बोलल्याने एक हानी होते. सरळ मार्ग कोणता आणि आडमार्ग कोणता, हे तरुण अधिकाऱ्याला कोणीच सांगत नाही.

विषयाकडे वळण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक वयस्क गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्या कार्यालयात आले. हातात एका कारखान्याचे नेमणूकपत्र होते. शासनाच्या माहिती कार्यालयात खरेखोटे कळेल, अशी त्यांची भाबडी समजूत. पत्रावरील कारखाना खरा होता, पत्र मात्र बनावट होते. त्यापायी घरातील दागिने गहाण पडले होते. “एवढी रक्कम कशाच्या भरवशावर दिलीत?” असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, तो म्हणाला, आतल्या साहेबांशी बोलणं झालंय.” त्या ‘आतल्या साहेबां’ना या व्यवहाराची वार्ताही नसेल. तथापि नोकरी देणाऱ्याची खुर्ची विकत मिळू शकते, हा समज समाजात किती खोल रुजला आहे, हे मला त्या दिवशी कळले. आजचे माझे सारे म्हणणे या एका प्रसंगाभोवती आहे.

या पेशाचा वारसा

मनुष्यबळ व्यवस्थापन हे नाव नवे असले, तरी काम जुने आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली. कामगारांच्या प्रश्नांचे शिक्षण देणाऱ्या परळ येथील राज्य शासनाच्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आजचा मनुष्यबळ अधिकारी हा त्या कल्याण अधिकाऱ्याचा वारस आहे. मालक आणि कामगार या दोघांचाही विश्वास त्याच्यापाशी ठेव म्हणून असतो. कोणाचा पगार किती, कोणाची बढती अडली, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला ठाऊक असते. जोडउत्पन्नाचा विचार करताना ही ठेव आपली मालमत्ता नाही, एवढे प्रथम ध्यानी घ्यावे.

परवानगी प्रथम

दुसरी गोष्ट परवानगीची. २०२२ मध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील एका मोठ्या कंपनीने प्रतिस्पर्धी कंपन्यांचे काम चोरून करणाऱ्या सुमारे तीनशे कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने, पूर्वसंमती घेऊन आणि हितसंबंधांना बाध न आणता, बाहेरचे काम करण्यास कर्मचाऱ्यांना मुभा दिली. या दोन उदाहरणांचा बोध एकच आहे. काम बाहेरचे आहे एवढ्यानेच ते दोषास्पद होत नाही. त्याला दोष येतो तो लपवाछपवीने. म्हणून आपले नेमणूकपत्र पुन्हा एकदा वाचावे, लेखी अर्ज करावा आणि लेखी संमती मिळाल्यावरच पाऊल उचलावे. इतरांच्या नेमणूकपत्रात अटी घालणाऱ्याने स्वतःच्या पत्रातील अटी विसरणे शोभत नाही.

येथे उपस्थित असलेल्या शासकीय सहकाऱ्यांनाही स्मरण देतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये पूर्वमंजुरीवाचून खाजगी व्यापार वा नोकरी करता येत नाही. कर्तव्यास बाध न येता प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय काम करण्यास मात्र वाव ठेवलेला आहे. शिक्षकांच्या बाबतीत २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने खाजगी शिकवणीस मनाई केली आहे. ग्रामपंचायत सदस्याचा पंचायतीच्या कंत्राटात हितसंबंध असल्यास १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे तो अनर्ह ठरू शकतो. तत्त्व सर्वत्र एकच : अधिकार आणि नफा एका हाती नसावेत.

कोणती कामे करता येतील?

आता प्रत्यक्ष कामांकडे वळू. आपल्यापाशी असलेली विद्या कोणाला हवी आहे, असा प्रश्न स्वतःला विचारला की वाटा आपोआप दिसू लागतात.

पहिली वाट लहान आस्थापनांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. २९ केंद्रीय कामगार कायदे त्यांत एकत्र करण्यात आले आहेत. मोठ्या कारखान्यांना सल्लागार मिळतात. पण तालुक्याच्या गावातील तेलघाणा, छापखाना, बेकरी किंवा सुटे भाग बनविणाऱ्या छोट्या कारखान्याच्या मालकाला हे कोण समजावून सांगणार? कामगाराला नेमणूकपत्र द्यावयाचे, वेतनचिठ्ठी द्यावयाची, नोकरी संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत त्याचे वेतन चुकते करावयाचे, या गोष्टी त्याला नव्याने शिकावयाच्या आहेत. भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाला, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो, हे त्याच्या गावीही नसते. साधारणपणे दहा कामगार झाले की राज्य विम्याचा आणि वीस झाले की भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न उभा राहतो. त्यानंतर दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागील महिन्याचा भरणा करणे आलेच. हे दप्तर नीट लावून देणे हे सचोटीचे आणि मागणी असलेले काम आहे. त्याचा लाभ मालकापेक्षाही त्या बेकरीतील कामगाराला अधिक होतो, कारण त्याच्या नावावर प्रथमच काही शिल्लक जमा होऊ लागते.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि त्यांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के असावयास हवी. अनेक आस्थापना केवळ नोंदणीची आणि कराराची माहिती नसल्याने मागे राहतात. एकीकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला मुलगा घरी बसून आहे, दुसरीकडे कारखान्यातील जागा रिकामी आहे. या दोहोंमध्ये पूल बांधणाऱ्याने आस्थापनेकडून वाजवी मोबदला घेतला, तर त्यात काही वावगे नाही. मात्र तो आस्थापनेकडूनच घ्यावा. मुलाकडून एक पैसाही घेऊ नये.

तिसरी वाट अध्यापनाची. महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांना तासिका तत्त्वावर शिकविणारे अनुभवी लोक हवे असतात. आपल्या ग्रामीण मुलांच्या ठायी गुणांची उणीव नाही. मुलाखतीच्या खोलीत शिरताच त्यांची वाचा बसते, ही त्यांची खरी अडचण आहे. अर्ज कसा लिहावा, वेतनाचा तपशील कसा वाचावा, नेमणूकपत्रात काय पाहावे आणि बनावट पत्र कसे ओळखावे, हे शिकविण्यास आपल्याइतका योग्य माणूस नाही.

चौथी वाट अधिक जबाबदारीची आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तीत एक सदस्य बाहेरचा असतो. तो महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतील किंवा या प्रश्नाची जाण असलेला असावा लागतो. नियमांनुसार या सदस्याला मिळणारा चौकशीचा दैनिक भत्ता अवघा दोनशे रुपये आणि प्रवासखर्च एवढाच आहे. म्हणून त्याकडे उत्पन्न म्हणून पाहू नये. परंतु समित्यांच्या सदस्यांना आणि कर्मचाऱ्यांना या कायद्याचे प्रशिक्षण देण्याचे काम पुष्कळ आहे आणि ते मराठीतून करणारे जाणकार थोडे आहेत.

पाचवी वाट लेखणीची. सेवानियम, सूचनाफलकावरील मजकूर, सुरक्षिततेच्या सूचना यांचे मराठी पुष्कळदा असे असते की, इंग्रजी वाचल्यावाचून ते कळू नये. कामगाराला समजेल अशा भाषेत ते लिहून देणे हे कौशल्याचे काम आहे. यंत्राजवळ लावलेली सूचना एका वाचनात समजली, तर एखाद्याचे बोट वाचते.

हिशोब स्वच्छ असावा

उत्पन्न किती होईल, असा प्रश्न आपल्या मनात असेल. आकडे गावागणिक आणि कामागणिक बदलतील. तरी केवळ समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. समजा, पाच लहान आस्थापनांचे दप्तर आपण सांभाळले आणि प्रत्येकीकडून महिन्याला दोन हजार रुपये घेतले. महिन्याचे दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार झाले. त्यातून संगणक, छपाई आणि प्रवासाचा खर्च वजा जाईल. प्रत्येक आस्थापनेसाठी महिन्याला सहा तास धरले, तर तीस तास, म्हणजे जवळजवळ चार रविवार खर्ची पडतील. ज्या सुटीसाठी लोखंड्यांनी लढा दिला, ती आपण किती विकणार, याचा विचार घरच्या माणसांना सोबत घेऊनच करावा. माझे मत विचाराल, तर आरंभ दोन आस्थापनांनी करावा.

हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर आपल्या राज्यात सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. आयकर मात्र त्यामुळे टळत नाही. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी शासनाकडे विनामूल्य होते. तेव्हा श्रमाचा मोबदला घेताना तो ‘सरकारी फी’ म्हणून घेऊ नये. अशा लहानशा असत्यांतूनच शासनाविषयीचा अविश्वास वाढतो.

या वाटेला जाऊ नये

शेवटी निषिद्ध मार्गांविषयी. उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घेणे, कंत्राटदाराकडून माणशी दलाली घेणे, आपणच चालविलेल्या शिकवणीतील मुलांना आपल्याच मुलाखतीत झुकते माप देणे, अर्जदारांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक इतरांस विकणे, या चारही गोष्टींत विद्या विकली जात नाही, खुर्ची विकली जाते. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियमही संमत केला आहे. तसेच १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार नोंदणी असल्यावाचून परदेशातील नोकरीसाठी भरती करता येत नाही. ‘आखातात माणसे पाठवून द्या, माणशी इतके देतो’ असे कोणी सुचविले, तर त्याला दारातूनच परतवावे.

यावर एक साधी कसोटी आहे. आपण उद्या ही नोकरी सोडली, तरी समोरचा माणूस या कामाचे पैसे देईल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर तो आपल्या विद्येचा मोबदला होय. नकारार्थी असेल, तर तो आपल्या खुर्चीचा मोबदला आहे आणि ती खुर्ची आपली नाही.

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनाही एक विनंती आहे. आपल्या परिसरात असे जाणकार अधिकारी राहतात. त्यांच्या वरिष्ठांची संमती घेऊन वर्षातून एखादा दिवस त्यांना शाळेत किंवा ग्रामसभेत बोलवा. नोकरीसाठी पैसे द्यावे लागत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या तोंडून गावाने ऐकू द्या. त्या दिवसाचे मानधन त्यांनी घेतले नाही, तर उत्तम. घेतले, तरी ते गहाण पडणाऱ्या दागिन्यांपेक्षा स्वस्तच पडेल.

माझ्याकडे आलेले ते गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. त्यांच्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. परंतु पैसे मोजण्यापूर्वी त्यांना आपल्यापैकी कोणी एक भेटला असता, तर ते दागिने घरातच राहिले असते. आपल्या विद्येचे मोल एवढे आहे. ते उजळ माथ्याने घ्यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.