पोटखराब्यातली श्रीमंती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्त बँक अधिकारी बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता हा ठेवींचे व्याजदर सांगणार. घाबरू नका. सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि "प्रवासावर बोला" असं सांगितलंय. म्हणून मी दोन प्रवासांबद्दल बोलणार आहे. एक सातासमुद्रापलीकडचा आणि एक आपल्या श्रीपूरहून निघून परत श्रीपूरला आलेला. पहिल्या प्रवासाला तिकिटाचे पैसे फार लागले. दुसऱ्याला डिझेल आणि शिदोरी, एवढाच खर्च. पण शहाणपण मला दुसऱ्या प्रवासात आलं, तेही सत्तरी उलटल्यावर.

आमची लेक अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहरात असते. आम्ही दोघं तिच्याकडं गेलो तेव्हा जून महिना होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी जावईबापूंना म्हटलं, "अहो, उन्हाळाच बघायचा होता तर आमचं सोलापूर काय वाईट होतं?" ते हसले आणि आम्हाला गाडीत घालून आठवडाभर वाळवंट दाखवत फिरले.

तिथं सग्वारो नावाचं निवडुंग आहे. दुमजली, तिमजली घराएवढं उंच. त्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. आमची ही म्हणाली, "म्हणजे तुमच्या वयाचं झालं की हातपाय हलवायला लागतं." त्या निवडुंगाला सुतारपक्षी भोकं पाडतात आणि नंतर त्या भोकांत चिमुकली घुबडं राहायला येतात. म्हणजे मूळ सभासदानं घर बांधायचं आणि पुढं पोटभाडेकरू!

मग ग्रँड कॅन्यन. ती दरी दीड किलोमीटरहून जास्त खोल आणि जवळजवळ साडेचारशे किलोमीटर लांब आहे. आत उतरायला पायवाट आहे. मी नातवाबरोबर थोडा खाली गेलो. उतरताना मजा वाटली, वर येताना प्राण कंठाशी आले. दरीत उतरणं म्हणजे कर्ज घेणं आणि वर चढणं म्हणजे हप्ते फेडणं, हे मला तिथं कळलं.

पण मला खरा धक्का दिला एका पक्ष्यानं. कोलोरॅडो नदीवर नावाहो पूल आहे. त्या पुलावर आम्ही उभे असताना खालच्या कड्यावर एक प्रचंड काळा पक्षी बसला होता. कॅलिफोर्निया कॉन्डर, म्हणजे गिधाडाच्या जातीचा पक्षी. पंख पसरले की साडेनऊ फूट. त्याच्या पंखावर बिल्ला होता आणि बिल्ल्यावर नंबर. मी जावयांना विचारलं, "हे काय? खातं क्रमांक?" ते म्हणाले, "तसंच समजा." 1982 साली हे पक्षी जगात फक्त 22 उरले होते. मेलेल्या जनावरांच्या अंगातल्या बंदुकीच्या शिशाची विषबाधा हे त्यामागचं एक मोठं कारण. 1987 साली रानातला शेवटचा पक्षीसुद्धा पकडून आणला, पिंजऱ्यात अंडी उबवली, पिल्लं वाढवली आणि 1996 पासून ॲरिझोनात परत सोडायला सुरुवात केली. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे. बावीसाचे पाचशे! चक्रवाढ व्याजानं एवढी वाढ झालेली मी नोकरीत कधी पाहिली नाही.

परतताना नातवानं मला एक प्रश्न विचारला. "आजोबा, तुमच्या श्रीपूरला काय बघायचं असतं?" मी म्हटलं, "ऊस." तो म्हणाला, "आणि?" मी म्हटलं, "साखर कारखाना." तो पुन्हा म्हणाला, "आणि?" मी गप्प झालो. या मातीत सगळा जन्म गेला आणि त्या "आणि"ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मंडळी, गेल्या मे महिन्यात तो सुट्टीला इकडं आला. यंदा उत्तर द्यायचंच, असं मी ठरवलं होतं. तीन दिवसांची सहल आखली. भाच्याची गाडी आणि शिदोरीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, दशम्या. लोक वेड्यात काढत होते. "मे महिन्यात माळावर कोण जातं? महाबळेश्वरला जावा की!"

पहिल्या दिवशी अंधारातच निघून अकलूज, इंदापूर करत आम्ही कडबनवाडीच्या माळावर पोचलो. पुणे वनविभागानं आता तिथं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. सूर्य वर आला आणि बाभळीच्या आडून चार चिंकारा निघाल्या. एवढ्या नाजूक, की रानशेळीच वाटावी. वाटाड्यानं सांगितलं, चिंकारेच्या मादीलाही शिंगं असतात, आणि पाणी नाही मिळालं तरी पाल्यातल्या ओलाव्यावर ती बरेच दिवस काढते. नातू दुर्बीण सोडेना.

दुपारी उजनीच्या काठानं भिगवण. मे महिन्यात पाणी पार खाली गेलेलं. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं होतं. 1980 साली धरण पुरं झालं तेव्हा गावं पाण्याखाली गेली, त्यातलं हे. त्या धरणाच्या पाण्यावर आपल्या जिल्ह्याचा ऊस उभा आहे आणि त्याच पाण्याच्या उथळ काठावर रोहित पक्षी येतात. बरेचसे परत गेले होते, पण गुलाबी रेघ ओढावी तसा एक थवा अजून होता. एका गावाचं बुडणं आणि दुसऱ्याचं तरणं, दोन्ही एकाच जागी दिसतं ते तिथं.

दुसऱ्या दिवशी राशीन, कर्जत करून रेहेकुरीला गेलो. 1980 साली काळविटांसाठी राखलेलं हे अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. एखाद्या बड्या बागायतदाराला विचारलं तर म्हणेल, एवढंच? पण तेवढ्या जागेत काळी पाठ, पांढरं पोट आणि पिळाची शिंगं मिरवणारे नर आम्ही पाहिले. एकानं अशी उडी मारली की नातू म्हणाला, "आजोबा, ह्याला स्प्रिंग आहे का?" पाणवठ्यावर टँकरनं पाणी सोडलं होतं. आपल्याकडं बुद्धपौर्णिमेच्या रात्री चांदण्यात मचाणावर बसून अशा पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजदाद करतात. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर एकदा जरूर बसा. रात्रभर बोलायचं नसतं, हे काही सभासदांना जड जाईल, तो भाग वेगळा.

तिसऱ्या दिवशी बार्शीमार्गे नान्नज. आता मी जरा हळू बोलणार आहे.

नान्नज सोलापूरहून वीसेक किलोमीटर. द्राक्षांसाठी गाव प्रसिद्ध. पण जगातल्या पक्षीतज्ज्ञांना ते माहीत आहे माळढोकमुळं. उभा राहिला तर मीटरभर उंच, नराचं वजन बारा-पंधरा किलो, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत वजनदारांपैकी एक. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा चालली होती तेव्हा डॉ. सलीम अलींनी माळढोकचं नाव सुचवलं होतं. 1963 साली मान मोराला मिळाला. माळढोकची मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याच्यासाठी 1979 साली आपल्या आणि नगर जिल्ह्यात मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेती, वस्त्या, गावंच्या गावं आली. लोक वैतागले. पुढं ते कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं.

मी त्या काळात त्याच भागातल्या एका शाखेत शेतीकर्ज बघत होतो. आम्हा बँकवाल्यांचा गुरुग्रंथ म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर एक रकाना असतो, पोटखराबा. म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन. तो रकाना दिसला की आम्ही शेतकऱ्याला म्हणायचो, "एवढी जमीन वाया का घालवता? ट्रॅक्टर लावा, बोअर घ्या, आम्ही कर्ज देतो." अशी किती प्रकरणं मी मंजूर केली याचा हिशोब नाही. त्या कर्जावर लोकांनी द्राक्षबागा उभ्या केल्या, पोरी शिकवल्या, घरं बांधली. त्याचा मला आजही अभिमान आहे. तेव्हा सरसकट पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. पण आम्ही ज्याला पोटखराबा म्हणत होतो ते कुणाचं तरी राहतं घर होतं, एवढं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नान्नजच्या माळावर वनरक्षकाबरोबर आम्ही पहाटे चालत निघालो. कुसळीचं वाळलेलं गवत पायमोज्यांत टोचत होतं. डोंबारी चंडोल आभाळात चढून कोलांट्या मारत होता, म्हणून त्याचं नाव डोंबारी. वनरक्षक एकदम म्हणाला, "सायेब, थांबा. पायाखाली बघा." मला नुसते खडे दिसले. नातवाला आधी दिसलं. खड्यांच्या मधोमध चार अंडी, खड्यांसारखीच ठिपक्यांची. माळटिटवीची. आमचा पाय एक वीतभर पलीकडं होता. टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालत होती. तिचं एवढंच म्हणणं असणार: इथं कुणीतरी राहतं.

थोडं पुढं एक धनगर मेंढ्या घेऊन भेटला. लांडगा आहे का, विचारलं तर म्हणाला, "हाय की. न्हेतंय एखादं कोकरू." नातवानं विचारलं, "मग तुम्ही त्याला मारत नाही?" तो हसला. "त्येलाबी पोट हाय, बाळा." संध्याकाळी बांधावर, भुरकट रंगाचा, एकटाच लांडगा दिसला. आमच्याकडं मिनिटभर पाहिलं आणि गवतात विरून गेला.

माळढोक मात्र दिसला नाही. मनोऱ्यावर आम्ही अडीच तास बसलो. अलीकडच्या मोजदादीत इथं एखाद-दुसरा दिसला तर दिसला, अशी अवस्था आहे. देशभरात मिळून दीडशेसुद्धा नाहीत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. माळ मोडले, शिकार झाली आणि आता विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तारेवर आपटून मरतो. जैसलमेरला आता कॉन्डरसारखीच अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे.

मनोऱ्यावरून उतरताना नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी पाहिलाय?"

पाहिलाय. त्याच शाखेत असताना मोटारसायकलवरून तपासणीला चाललो होतो. रस्त्यापासून शंभर-दीडशे पावलांवर दोन मोठे पक्षी मान ताठ करून चालत होते. बघितलं, ओळखलंही. पण गाडी थांबवली नाही. मार्च एंड होता. वसुलीची यादी खिशात होती. मनात म्हटलं, इथंच तर असतात, पुन्हा कधी तरी बघू.

ते "पुन्हा कधी तरी" परत आलं नाही. हे मी नातवाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. नुसता माझा हात धरून पायऱ्या उतरला.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ही सोसायटीची जागा घेतली तेव्हा इथं काय होतं, ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. माळच होता. हिवराची चार झाडं, तरवड आणि रात्री कोल्हेकुई. पाया आखताना चुन्याची रेघ ओढली तर मधे टिटवीची अंडी निघाली होती. आपण तेव्हा पिल्लं निघेपर्यंत त्या एका प्लॉटचं काम थांबवलं. कंत्राटदार हसला, पण आपण थांबवलं.

रौप्यमहोत्सवानिमित्त पूर्वेच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर पेव्हिंग ब्लॉक बसवण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढं आहे. जागा स्वच्छ दिसेल, गाड्या लागतील, हे खरं आहे. पावसाळ्यात चिखल होतो, तेही खरं. पण त्या कोपऱ्यात अजूनही दर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते. गेल्या जूनमध्ये आपल्या नातवंडांनी तीन पिल्लं मोजली आहेत, विचारा त्यांना. माझी विनंती एवढीच आहे की गाड्यांपुरते ब्लॉक बसवा, चालायला वाट करा, पण कोपऱ्यातली पाच-सहा गुंठे जागा आहे तशी राहू द्या. तिथं झाडंही लावू नका, माळाला माळच राहू द्या. हिशोबात लिहायची वेळ आली तर पोटखराबा म्हणून लिहा. माझी हरकत नाही.

पुढच्या मे महिन्यात नातू परत येणार आहे. त्यानं पुन्हा "आणि?" विचारलं, तर त्याला गाडीत घालून लांब न्यायची वेळ माझ्यावर येऊ नये. गॅलरीतून बोट दाखवता यावं.

वेळ झाली. सचिव घड्याळ बघताहेत.

जय हिंद, जय महाराष्ट्र.