नाव की नांव? मेमरीतल्या टेम्प्लेटची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी ही आजच्या भागाची लेखी प्रत. बोलले तेच आहे, फक्त मधले 'अं' आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

समजा तुमच्या दोन मुली एकाच शाळेत आहेत. सकाळी सव्वाअकराला फोनवर नोटिफिकेशन येतं, 'आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.' कोण गैरहजर? नाव कुठेच नाही. दोघींना तर तुम्हीच रिक्षात बसवून दिलेलं. काय होईल तुमचं?

एक वडील हातातलं काम टाकून शाळेत धावत आले. धाकटी वर्गात होती. मोठी मैत्रिणीबरोबर प्रयोगशाळेत होती आणि हजेरी चुकून लागली नव्हती. सगळं ठीक निघालं. पण तो मेसेज ज्या कोडमधून गेला तो मी लिहिला होता. आजचा विषय त्या कोडचा: टेम्प्लेट फाइलमधून न घेता मेमरीतून कशी लोड करायची, आणि त्यात पाय कुठे घसरतो.

आधी टेम्प्लेट म्हणजे काय ते बघू. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर 'श्री.' छापलेलं असतं आणि पुढे जागा मोकळी. मजकूर एकच, नाव प्रत्येकाचं वेगळं. टेम्प्लेट इंजिन हेच करतं. पायथनमधलं प्रसिद्ध इंजिन म्हणजे जिन्जा. आर्मिन रोनाखरनं ते बनवलं. जिन्जा म्हणजे जपानमधलं देऊळ. देवळाला इंग्रजीत टेम्पल म्हणतात, ते टेम्प्लेटच्या जवळ जातं, म्हणून हे नाव. फ्लास्क, अन्सिबल ही मंडळी हेच इंजिन वापरतात. मोकळी जागा दाखवायला दोन-दोन महिरपी कंस, आत व्हेरिएबलचं नाव.

आता, जिन्जाला टेम्प्लेट कुठून आणायची हे माहीत नसतं. ते काम लोडरचं. फाइलसिस्टिम-लोडर फोल्डरमधून आणतो. डिक्ट-लोडर साध्या पायथन डिक्शनरीतून आणतो: की म्हणजे टेम्प्लेटचं नाव, व्हॅल्यू म्हणजे मजकूर. फंक्शन-लोडरला तुम्ही फंक्शन देता, ते नाव घेऊन मजकूर परत करतं. चॉइस-लोडरला यादी देता, तो एकामागून एक विचारत जातो.

मग मेमरी कशाला? आमच्या बाबतीत कारण सरळ होतं. प्रत्येक शाळेला आपला मजकूर आपल्या भाषेत हवा. कार्यालयातल्या मॅडम ॲपमध्ये टाइप करणार, तो डेटाबेसात जाणार. फाइल आहेच कुठे?

मी पहिल्यांदा सोपा रस्ता धरला, फ्रॉम-स्ट्रिंग. मजकूर द्या, टेम्प्लेट घ्या. एखाद-दुसऱ्या मेसेजला उत्तम. पण जिन्जा मजकूर आधी पायथन कोडमध्ये कंपाइल करतो, आणि फ्रॉम-स्ट्रिंगचा निकाल कॅशमध्ये ठेवत नाही. मी ते लूपच्या आत लिहिलं होतं. म्हणजे हजार पालक, तर हजार वेळा कंपाइल, मजकूर तोच! शिवाय एन्व्हायर्नमेंटला लोडरच दिला नव्हता, त्यामुळे शाळेचा पत्ता असलेला तळटीपेचा तुकडा इन्क्लूड करायला गेले तर एरर. लोडरकडून गेट-टेम्प्लेटनं घेतलं की कंपाइल झालेली प्रत कॅशमध्ये राहते, डीफॉल्टला ४०० टेम्प्लेटपर्यंत.

म्हणून फंक्शन-लोडरवर आले. तिथे दुसरी घसरण. मॅडम मजकूर बदलायच्या, तरी जुनाच जायचा. कारण फंक्शननं नुसती स्ट्रिंग परत केली, तर जिन्जा ती टेम्प्लेट कायम ताजीच धरतो. तीन गोष्टी परत करायच्या असतात: मजकूर, फाइलचं नाव (नसेल तर नन), आणि 'मजकूर अजून तोच आहे का' हे सांगणारं छोटं फंक्शन. डिक्ट-लोडर ही तपासणी स्वतः करतो, डिक्शनरीतला मजकूर बदलला की त्याला कळतं. पण सर्व्हरवर चार प्रोसेस असतील तर डिक्शनऱ्याही चार. एकीत बदललं म्हणून उरलेल्या तिघींना कळत नाही.

हे सगळं दुरुस्त केलं आणि मी खूश. मग तो दिवस आला.

व्हेरिएबलची नावं आम्ही मुद्दाम मराठीत ठेवली होती, मॅडमना सोपं जावं म्हणून. टेम्प्लेटमध्ये 'नाव' होतं. त्या दिवशी मॅडमनी मजकूर नीटनेटका केला आणि 'नांव' लिहिलं, अनुस्वारासकट. शाळेच्या जुन्या रजिस्टरांत तसंच असतं, त्यांचा हात तसाच वळलेला. जिन्जाच्या दृष्टीनं 'नांव' नावाचं काही आलंच नाही. आणि न आलेल्या व्हेरिएबलच्या जागी जिन्जा डीफॉल्टला काय छापतो? काहीच नाही. एरर नाही, लॉग नाही. मोकळी जागा.

दुपारी मॅडमचा फोन आला. "माझ्याकडून काही चुकलं का हो?" मुख्याध्यापकांनी त्यांनाच बोलावून घेतलं होतं. मी म्हटलं, "नाही मॅडम, चूक माझी आहे." आणि ती खरंच माझी होती. फाइलमधली टेम्प्लेट गिटमध्ये जाते, कुणीतरी रिव्ह्यू करतं, टेस्ट चालतात. डेटाबेसातून मेमरीत आलेली टेम्प्लेट या सगळ्या दारांना वळसा घालून येते. तीही कोडच आहे, पण तिला कुणी कोड समजत नाही. मीही समजले नव्हते.

मग काय केलं? एक, स्ट्रिक्ट-अनडिफाइंड लावलं. आता अनोळखी व्हेरिएबलवर एरर येते. पण गैरहजेरीचा मेसेज अडकून राहणंही वाईटच. म्हणून दोन, तपासणी सेव्हच्या बटणावर आणली. जिन्जाच्या मेटा मॉड्यूलमध्ये एक फंक्शन आहे, ते टेम्प्लेट न चालवता तिच्यातल्या बाहेरून लागणाऱ्या व्हेरिएबलची यादी देतं. ती आमच्या यादीशी ताडायची. 'नांव' लिहिलं की लगेच विचारतो, 'नाव म्हणायचंय का?' तीन, सेव्हआधी नमुना दाखवतो, खोट्या विद्यार्थ्याच्या नावासह.

आणि चार, सुरक्षितता. बाहेरचा माणूस टेम्प्लेट लिहिणार असेल तर सँडबॉक्स्ड एन्व्हायर्नमेंट वापरा. पालकानं भरलेली माहिती टेम्प्लेटच्या मजकुरात कधी चिकटवू नका, व्हेरिएबल म्हणूनच द्या. नाहीतर कुणी नावाच्या रकान्यात कंसांत सात गुणिले सात लिहील आणि मेसेजमध्ये ४९ येईल. आज ४९, उद्या सर्व्हरचा पासवर्ड.

मॅडम अजूनही 'नांव'च लिहितात. आम्ही शेवटी दोन्ही चालवून घेतली, कोडमध्ये एक ओळ वाढली एवढंच.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेसातून येणारा असा मजकूर असेल, तर आज एक व्हेरिएबल मुद्दाम चुकवून बघा. एरर आली तर निवांत झोपा. मोकळी जागा दिसली, तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात!