मोरोपंत : एक नाव, अनेक कर्तृत्वे
(व्याख्यानाचा मजकूर)



मोरगावच्या मयूरेश्वरावरून मोरेश्वर, मोरेश्वराचा घरगुती मोरो, आणि लेखणीवर चरितार्थ चालविणाऱ्याच्या नावास जोडले जाणारे ‘पंत’ हे आदरार्थी पद, अशी ‘मोरोपंत’ या नावाची घडण आहे. आज बारशाला हे नाव क्वचितच ऐकू येते. तथापि महाराष्ट्राच्या इतिहासात हे नाव धारण करणाऱ्या व्यक्ती संख्येने थोड्या असल्या, तरी कर्तृत्वाने थोर आहेत.

त्यांतील पहिले मोरोपंत त्रिंबक पिंगळे. प्रतापगडाची उभारणी त्यांच्या देखरेखीखाली झाली, १६७२ च्या साल्हेरच्या संग्रामात त्यांनी पराक्रम गाजविला आणि १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते छत्रपती शिवाजी महाराजांचे मुख्य प्रधान होते. त्यांचे चरित्र शालेय पुस्तकांमुळे सर्वपरिचित असल्याने येथे विस्तार नको. (नागपूरचे संघप्रचारक मोरोपंत पिंगळे, १९१९ ते २००३, हे निराळे. नाव व आडनाव दोन्ही जुळल्याने नव्या पिढीचा घोटाळा होतो.)

दुसरे कविवर्य मोरोपंत रामचंद्र पराडकर. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेल्या या पंडित कवीचे आयुष्य मुख्यतः बारामतीस व्यतीत झाले आणि १७९४ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. आर्या हे वृत्त त्यांनी मराठीत असे रुजविले की आर्या म्हटली की मोरोपंतच आठवावेत. ‘आर्याभारत’ व ‘केकावली’ या त्यांच्या कृती विख्यात आहेत. अष्टोत्तरशत रामायणे रचण्याचा त्यांचा संकल्पही तितकाच प्रसिद्ध आहे. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारावे लागणारे एकही अक्षर नाही. श्रोत्यांनी क्षणभर विचार करावा : ‘राम’ म्हणताना ओठ मिटावेच लागतात. म्हणजे रामाचे नाव न उच्चारता रामकथा सांगावयाची! टीकाकारांनी यास शब्दांची कसरत म्हटले आहे आणि ते अगदीच अन्यायाचे नाही. परंतु केकावलीतील आर्तता वाचल्यावर हा आक्षेप निम्मा गळून पडतो.

तिसरे मोरोपंत तांबे. दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाने ते ब्रह्मावर्तास राहत. त्यांची कन्या मनकर्णिका हीच झाशीची राणी लक्ष्मीबाई होय. १८५८ साली इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. राणीचे जन्मवर्ष काही अभ्यासक १८२८ मानतात, तर काही १८३५. तिचा विवाह मात्र १८४२ साली झाला. कोणतेही वर्ष ग्राह्य धरले तरी वधूस चौदा वर्षे पूर्ण झालेली नव्हती. त्या काळी यात कोणास काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

हे चौदा वर्षांचे गणित आपणांस थेट अमरावतीस आणून सोडते, कारण चौथे मोरोपंत आपल्या वऱ्हाडचे आहेत आणि वऱ्हाडातच त्यांची आठवण सर्वांत कमी राहिली आहे. सर मोरोपंत विश्वनाथ जोशी हे अमरावतीचे नामांकित वकील. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी ही तेथील वकीलवर्गातील तीन मोठी नावे होती. खापर्डे लोकमान्यांचे अनुयायी, तर जोशी नेमस्त पक्षाचे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात त्यांनी गृहखाते सांभाळले. नॅशनल लिबरल फेडरेशनच्या १९२५ च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि पुढील वर्षी, १९२६ साली, ते अधिवेशन अकोल्यास भरले.

नेमस्तांविषयी आपल्याकडे फारसे ममत्व नाही. तरीही १९२८ साली सरकारने नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्षपद मोरोपंतांकडे आले, ही घटना लहान नव्हे. विवाहित मुलीचे संमतिवय १८९१ च्या कायद्याने दहावरून बारा व १९२५ साली तेरा करण्यात आले होते. परंतु घराच्या चार भिंतींआड घडणाऱ्या गोष्टीची फिर्याद नोंदविणार कोण? रामेश्वरी नेहरू यांच्यासारखे सदस्य असलेल्या या समितीने देशभर साक्षी घेतल्या. हा कायदा बहुतेकांस माहीतच नाही, हे त्यांतून स्पष्ट झाले. लपून राहणाऱ्या गुन्ह्यामागे धावण्यापेक्षा सर्वांसमक्ष होणाऱ्या लग्नाचेच वय ठरवावे, असा व्यवहार्य निष्कर्ष १९२९ च्या अहवालाने काढला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा असावे अशी शिफारस केली.

अजमेरचे हरबिलास सारडा यांचे विधेयक या अहवालाची वाट पाहत अडून राहिले होते. ते त्याच वर्षी संमत झाले : मुलीस चौदा, मुलास अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशाच्या अनेक भागांत लग्नांची एकच घाई उडाली. कायदा लागू होण्यापूर्वी लहानग्यांचे बस्ते बांधून मोकळे व्हावे, असा विचार भल्याभल्यांनी केला. १९३१ च्या शिरगणतीत त्याचे प्रतिबिंब दिसते. शिवाय, कायद्याविरुद्ध झालेला विवाह शिक्षेस पात्र असला तरी रद्द होत नसे. एवढी पळवाट पुरेशी होती.

मुलीचे वय पुढे १९४९ साली पंधरा व १९७८ साली अठरा झाले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे विवाह अठरापूर्वीच झाले होते. समितीपुढील प्रश्न अद्याप मिटलेला नाही.

कायदा ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. जोशींचे नाव अहवालाच्या मुखपृष्ठावर राहिले. मोरोपंतांच्या पत्नी यशोदाबाई जोशी यांनी मात्र आपले आत्मकथन मागे ठेवले आहे. त्याचे शीर्षक ‘माझा’ नव्हे, ‘आमचा जीवनप्रवास’ असे आहे. ज्यांना या चौथ्या मोरोपंतांच्या घरात डोकवावयाचे आहे, त्यांनी तेथून आरंभ करावा.