मूत्रपिंडे आणि गाळलेले पाणी



दुहेरी कापडातून पाणी गाळण्याचा नियम जैन घरांत बालपणीच अंगवळणी पडतो. देहात गाळण्याचे हे कार्य मूत्रपिंडे करतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्या बहुतेक सर्व रक्तात परत पाठवतात. मूत्ररूपाने जेमतेम दीड लिटर बाहेर पडते. त्या निकामी झाल्या की आठवड्यातून बहुधा तीनदा, चार-चार तास डायलिसिस घ्यावे लागते.

त्या चार तासांत सुमारे १२० लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रक्तालगत वाहते. पिण्यायोग्य नळाचे पाणीही येथे घातक ठरते. त्यात क्लोरामाइन असल्यास तांबड्या पेशी फुटतात. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे नीलहरित शेवाळाचे विष पाण्यातून रक्तात गेले व पन्नासाहून अधिक रुग्ण दगावले. म्हणूनच रुग्णास यंत्रास जोडण्यापूर्वी तंत्रज्ञाने केलेली पाण्याची चाचणी मोलाची.

द्रोणागिरीत कोणी यंत्रदानाचा संकल्प केल्यास जलशुद्धीकरण आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाचे वेतन यांचीही तरतूद करावी. संगमरवरी फलकावर नाव यंत्राचेच कोरले जाते, हा भाग निराळा! आप्तांनीही रुग्णाच्या फिस्टुला असलेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, अन्य कारणाने सुई टोचू देऊ नये.