जनगणना, जागावाटप आणि खानदेश

पाचोरा येथे भरलेल्या राज्यशास्त्र अध्यापकांच्या या परिषदेपुढे परिसीमनाचा, म्हणजे लोकसंख्येनुसार जागा वाटून मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याचा, प्रश्न आहे. प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या जागांचे राज्यवार फेरवाटप व्हावे, असे संविधानाचा अनुच्छेद 82 सांगतो. परंतु कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व घटू नये म्हणून 1976च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे वाटप 1971च्या जनगणनेवर गोठवले आणि पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत 2026नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. 1971च्या सुमारे 5 कोटी लोकसंख्येवर महाराष्ट्राला मिळालेल्या 48 जागा 2011 साली लोकसंख्या 11 कोटी 24 लाख झाली तरी 48च राहिल्या.

या फेरवाटपावरून उत्तरेकडील विरुद्ध दक्षिणेकडील राज्ये या वादाची चर्चा देशभर होते. खानदेशाला मात्र राज्याच्या आतले फेरवाटप अधिक जवळचे आहे. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने 2001च्या जनगणनेवरून आखलेली रचना 2008 साली लागू झाली, तेव्हा एरंडोल हा लोकसभा मतदारसंघ संपला, रावेर नवा झाला आणि जळगाव जिल्ह्यातील पाच विधानसभा क्षेत्रांना विदर्भातील मलकापूर जोडले गेले. 2011च्या गणनेनुसार जळगाव जिल्ह्यातील 42 लाख 30 हजार लोकांमागे 11 आमदार, म्हणजे एकामागे सुमारे 3 लाख 85 हजार माणसे आहेत. तेव्हाच्या अविभक्त ठाणे जिल्ह्यात हाच आकडा 4 लाख 60 हजार होतो. प्रत्येक मताचे मोल सारखे असावे हे तत्त्व मान्य केले, तर जागा शहरांकडे सरकणार, आणि त्याला विरोध करणे न्यायाचे ठरणार नाही.

आक्षेप आहे तो मोजणीच्या पद्धतीला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पाचोरा-चाळीसगाव भागातील ऊसतोड कुटुंबे लेकराबाळांसह साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि शेतालगतच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चार-पाच महिने राहतात. जनगणनेतील माणसांची मोजणी मात्र फेब्रुवारीत होते (2011 साली ती 9 ते 28 या तारखांना झाली) आणि त्या संपूर्ण काळात जो घरी नसतो, त्याची नोंद गावात न होता जेथे तो सापडेल तेथे होते. मतदारयादीत नाव पाचोऱ्याचे आणि लोकसंख्येत भर दुसऱ्याच जिल्ह्याची, अशी ही विसंगती आहे. कोपीपर्यंत प्रगणक पोहोचलाच नाही, तर ते कुटुंब कोठेच मोजले जात नाही. अमेरिकेत 2020च्या जनगणनेत अवघी 89 माणसे कमी पडल्याने न्यूयॉर्क राज्याची एक जागा गेली, हे येथे ध्यानात ठेवावे लागेल.

पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक 1 मार्च 2027 ठरला आहे, म्हणजे उसाचा गाळप हंगाम पुन्हा आडवा येणार. हंगामी स्थलांतरितांची गणना मूळ गावी करावी ही मागणी त्या जनगणनेच्या आधीच व्हायला हवी, आणि पुढील परिसीमन आयोगाचा मसुदा राजपत्रात येताच हरकती लेखी देऊन जाहीर सुनावणीस हजर राहण्याची तयारी गावोगावच्या अध्यापकांनी आजपासून करावी. कारण अंतिम आदेश निघाल्यावर त्यात बदल करण्याचा अधिकार संसदेलाही उरत नाही आणि अनुच्छेद 329मुळे न्यायालयाचे दारही जवळजवळ बंदच असते.