हजेरीपटावरचे बिनअंगाचे यंत्र



पिंपरीपासून चाकणपर्यंत यंत्राशेजारी आता संगणक आला आहे. त्यातली काही उपकरणे अशी, की त्यांना लोखंड नाही नि तारही नाही. जुने सीएनसी यंत्र नेटवर्कवर घेतले, की संगणकात सीरियल पोर्ट उभा करतात तो नुसता सॉफ्टवेअरचा.

खरे उपकरण जोडताच आपली ओळख आपणच सांगते; गेटवर कार्ड पंच करणाऱ्या कामगारासारखे. हे बिनअंगाचे उपकरण गेटवर येतच नाही! त्याचे नाव कोणीतरी 'रूट'च्या मस्टरवर मांडावे लागते. मग विंडोज त्याची आयएनएफ फाईल वाचते. फाईल साध्या अक्षरांची. चौकोनी कंसात विभागाचे नाव, खाली ओळी: उपकरणाचा वर्ग कोणता, ओळखखूण काय, ड्रायव्हर केव्हा सुरू करायचा. तेथे 3 आकडा असला, तर गरज पडेल तेव्हा. आम्ही शाळा फारशी पाहिली नाही. तरी एवढे आम्हांस वाचता येते.

खरी गोम सहीत आहे. फाईलचा ठसा सही केलेल्या कॅटलॉगमध्ये असतो. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा जुळत नाही, आणि 64-बिट विंडोज ड्रायव्हर नाकारते. मग रात्रपाळीला हुकूम येतो, "तपासणी बंद कर, लाईन चालू कर." हुकूम तोंडी. चौकशीत मात्र आरोपपत्र मिळते कंत्राटी ऑपरेटरला.

म्हणून आमचे मागणे असे, की ही फाईल कोणी लिहायची, कोणी बदलायची हे करारात येऊ द्या. आणि ती वाचण्याचे शिक्षण पाळीच्या वेळेत, भरपगारी द्या.