रडण्याचा प्रसंग कोणी लिहिला?

(दिंद्रुड, जि. बीड येथे गावातल्या बायका आणि महाविद्यालयीन मुलींच्या बैठकीत एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. तिच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही. – संपादक मंडळ)



आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट बघत बसणार नाही. माझा लघुपट दाखवणार असं तुम्हाला कळवलं होतं. तो आज दाखवणार नाही. ताईंनी त्यासाठी प्रोजेक्टर मागून आणलाय, पडद्याला पांढरी चादर बांधलीय. त्यांची माफी मागते. का दाखवणार नाही, ते सांगायलाच उभी आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात. दहावीपर्यंत मी इथंच शिकले. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कोयता निघायचा आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचा. मधले पाच-सहा महिने मी आजीजवळ. पुढं शिकायला औरंगाबादला गेले, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथं जनसंवाद हा विषय घेतला. आवड होती म्हणून नाही. पेपरात नोकरी लागते असं कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. शेवटच्या वर्षाला पटकथालेखनाचा पेपर होता आणि दहा मिनिटांचा लघुपट करून द्यायचा होता. पटकथा हा शब्दच मी तिथं पहिल्यांदा ऐकला. तोवर मला वाटायचं, सिनेमातली माणसं आपापल्या मनानं बोलतात.

पहिल्या आठवड्यात सरांनी एक पानभर प्रसंग लिहायला सांगितला. मी लिहिलं, 'एक गरीब, सोशिक बाई चुलीपाशी बसली आहे. तिच्या मनात दुःख दाटले आहे.' सरांनी 'सोशिक' शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, हे कॅमेऱ्याला कसं दिसणार? मला उत्तर आलं नाही. ते म्हणाले, पटकथेत जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच लिहायचं. मनातलं लिहायचं असेल तर ते हातात, पायात, भांड्यात, दारात कुठंतरी आणावं लागतं. पुढं याच सरांशी माझं वाजलं, तेही सांगणार आहे. पण हा धडा त्यांनी दिला, आणि तो फार मोलाचा आहे.

त्या सुट्टीत घरी आले तेव्हा मी आईकडं पहिल्यांदा नीट बघितलं. ती ताटात भाकरी वाढते तेव्हा सगळ्यांत शेवटची, करपलेली भाकरी न बघता स्वतःच्या बाजूला सरकवते. वीस वर्षं बघत होते, पण दिसली नव्हती. 'सोशिक' लिहायची गरजच नाही. भाकरी लिहायची.

आपल्या चळवळीतल्या ताईंना एक सांगते, रागावू नका. आपल्या भाषणांत आणि पथनाट्यांत शोषण, अन्याय, पुरुषप्रधान व्यवस्था असे शब्द येतात. ते खरेच आहेत. पण कॅमेऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणारी, पोटात सात महिन्यांचं लेकरू असलेली बाई दिसते. तेवढं दाखवलं की शब्द बघणारी स्वतःच उच्चारते.

पटकथेचं बाकीचं तंत्र अवघड नाही. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहायच्या: आत की बाहेर, ठिकाण कोणतं, वेळ कोणती. बाहेर, उसाचा फड, पहाट. आत, कोपी, रात्र. खाली काय घडतं ते चालू काळात लिहायचं, बाई उठते, कोयता घेते. त्याखाली कोण काय बोलतं ते. साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. दहा मिनिटांचा लघुपट म्हणजे दहा पानं. बारावीच्या निबंधाच्या वहीत बसतो.

आता माझ्या विषयाकडं येते. २०१९ साली आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं, ते तुम्हाला आठवत असेल. ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणी ओळीत बसवा, त्यातली एक. पेपरवाले आले, टीव्हीवाले आले, परदेशातले आले. बायांचे फोटो निघाले, ते छापून आले, आणि माणसं गेली.

मी ठरवलं, यावरच करायचं. माझ्या ओळखीच्या एका बाईची पिशवी काढलेली होती, पंचविशीच्या आतबाहेर असताना. ती दिंद्रुडची नाही. माझ्या नात्यातली आहे की नाही, हेही मी सांगणार नाही. आज जे सांगतेय तेवढं सांगायची परवानगी तिनं दिलीय, त्यापुढं नाही. दोन संध्याकाळी ती माझ्याशी बोलली. मी वसतिगृहात परत जाऊन एका रात्रीत अकरा पानं लिहिली. मधोमध दवाखान्याचा प्रसंग होता. डॉक्टर सांगतो, पिशवी खराब आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बाई ओक्साबोक्शी रडते. पाठीमागं बासरी.

वर्गात वाचलं तेव्हा सगळे गप्प झाले. सर म्हणाले, उत्तम, फक्त संघर्ष कमी पडतोय, खलनायक ठळक कर. डॉक्टर हसतोय असं दाखव. मी तेही लिहिलं. आता लाज वाटते, पण लिहिलं.

मग सुट्टीत ते कागद घेऊन तिच्याकडं गेले आणि वाचून दाखवले. ती ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "हे रडणं कुणी लिव्हलं?"

म्हटलं, मी.

"म्या त्या दिवशी रडले नाई. म्या हिशोब करीत व्हते."

कसला हिशोब? तर असा. दर महिन्याला चार-पाच दिवस अंगावरून इतकं जायचं की फडात उभं राहवत नव्हतं. एक दिवस खाडा झाला की मुकादम जोडीचा दंड लावतो, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटत नाही, ती पुढच्या सालावर चढते. फडात आडोसा नाही, पाणी नाही, कापड धुवायला जागा नाही. पिशवी काढली तर खाडे वाचतील. पण काढायला पैसे लागतील, ते मुकादमाकडूनच घ्यावे लागतील, म्हणजे पुन्हा उचल. टाके ओले असताना किती दिवस बसावं लागेल, तेवढे खाडे धरायचे की नाही? डॉक्टर बोलत होता तेव्हा ती हे सगळं बोटांवर मोजत होती. आणि डॉक्टर हसला वगैरे नव्हता. तो घाईत होता, बाहेर रांग होती.

बायांनो, मी थंडगार पडले. तिची पिशवी एकदा डॉक्टरनं काढली होती, आणि तिचा हिशोब मी काढून घेतला होता. तिला मी बिचारी करून टाकली होती. सगळ्यांना रडायला आवडतं, म्हणून तिला रडवलं होतं.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की कागद परत नेऊन वाचून दाखवणं ही काही माझी अक्कल नव्हती. सुमित्रा भावे यांनी याच कारणानं सिनेमा हातात घेतला. त्या समाजकार्य शिकवायच्या, पुण्यात 'स्त्रीवाणी'साठी बायांच्या जगण्याचा अभ्यास करत होत्या. ज्यांच्याबद्दल आपण लिहितोय त्यांना ते वाचता येत नाही, मग अभ्यास त्यांच्याकडं परत कसा न्यायचा, या प्रश्नातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. सिनेमाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी कितीतरी लघुपट आणि सिनेमे केले. २०२१ साली त्या गेल्या. त्याच्याही आधी, १९८० च्या सुमाराला, दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'युगांतर' नावाचा गट काढला. पुण्यातल्या मोलकरणींच्या संपावर त्यांनी 'मोलकरीण' केला. निपाणीला तंबाखूच्या वखारींतल्या बायांबरोबर राहून आणखी एक केला. त्यात बाया स्वतःचाच लढा पुन्हा करून दाखवतात. कोणी त्यांना रडायला सांगत नाही.

आणि त्याच्याही मागं गेलात तर सरस्वतीबाई फाळके. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी फिल्मला भोकं पाडायचं, ती धुवायचं काम त्या करत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पडद्यावर तारामती मात्र अण्णा साळुंके नावाचा पुरुष, कारण काम करायला बाई मिळाली नाही. सिनेमात बाई आली ती आधी अंधाऱ्या खोलीत.

असो. माझ्या पटकथेकडं परत. मी ती फाडली नाही, पाठकोऱ्या बाजूला नवी लिहिली. दवाखाना काढला, बासरी काढली. उरलं काय? लेकराच्या जुन्या वहीचं एक पान, त्यावर तिनं ओढलेल्या रेघा. खाड्याची रेघ आडवी, गाडीची उभी. ती रेघा ओढत जाते आणि आपण बघतो. मध्ये पहाट, मध्ये फड. नऊ मिनिटं.

मग तिनं अटी सांगितल्या. तोंड दाखवायचं नाही. मी म्हटलं, ठीक, हात दाखवू. म्हणाली, आवाज पण नको, आवाज कोणबी वळखतंय. तेही ठीक. मग तिचे शब्द मी तिला विचारून थोडे बदलले आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या मैत्रिणीच्या आवाजात घेतले. हातावर गोंदण होतं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं. मग बाही खाली ओढून सगळं पुन्हा घेतलं.

शूटिंग मोबाइलवर केलं. मुलींसाठी दोन-चार गोष्टी सांगते. फोन आडवा धरा. विमानाचं चिन्ह दाबून ठेवा, नाहीतर ऐन वेळी मामाचा फोन येतो, आमचा आला. दुसऱ्या फोनवर आवाज वेगळा घ्या, तो बोलणारीच्या जवळ ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतो. उसात वारा असला की पाल्याची सळसळ सगळं गिळून टाकते. ती सळसळ वेगळी दोन मिनिटं घेऊन ठेवा, जोडताना सोन्यासारखी कामी येते. उजेडासाठी दिवे लागत नाहीत, दाराजवळ बसवा. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात. ऐकू आलं नाही तर उठून जातात.

तिसऱ्या दिवशी फडात मुकादमाचा माणूस आला. काय चाललंय? कॉलेजचा अभ्यास आहे, उसाच्या जातींवर. तो गेला. रात्री आम्ही घेतलेली चित्रं बघितली, तर एकात ट्रकच्या कपाळावरचं नाव आणि नंबर स्पष्ट. फार सुंदर चित्र होतं, मागं सूर्य उगवत होता. काढून टाकलं. त्या नंबरावरून टोळी कळते, टोळीवरून बाई. आणि मग पुढच्या सालची उचल कोण देणार? मी देणार होते का?

सरांनी लघुपट बघून सांगितलं, संयत आहे, पण भावना कमी पडली. गुणही बेताचेच मिळाले. मी त्यांच्याशी वाद घातला. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. वर्गातल्या कितीतरी जणांना आडवी रेघ म्हणजे काय तेच कळलं नाही. ती माझ्या लिहिण्यातली उणीव आहे. ज्यांना खाडा माहीत नाही त्यांना तो नऊ मिनिटांत कसा सांगायचा, हे मला अजून जमलेलं नाही.

तरीही महिनाभरानं कॉलेजातून निरोप आला की तो महोत्सवाला पाठवू. माझे पाय जमिनीवर नव्हते. नागराज मंजुळे जेऊरचे, नगरला शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे आमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मला वाटलं, आता माझी पाळी.

तिला फोन केला. ती म्हणाली, "तू म्हनली व्हतीस कालेजापुरतं."

म्हटलं होतं. तोंडीच. कागद नव्हता, सही नव्हती, मी पाठवला असता तर तिनं काय केलं असतं? काहीच नाही. म्हणूनच पाठवता येत नव्हता. दोन दिवस मला तिचा राग आला, हेही सांगते. तोंड नाही, आवाज नाही, गोंदण नाही, नंबर नाही, आता अडचण काय? पण अडचण काय ते तिनं मला पटवून द्यायचं नव्हतं. चित्र तिचं, मी फक्त घेतलेलं.

ताई, तुमच्या संघटनेकडं अशी शेकडो चित्रं असतील. मोर्च्यातली, दवाखान्यातली, जळालेल्या बायांची. त्यातल्या किती जणींना विचारलं होतं? मी आरोप करत नाही. मलाही ती वही बघितल्यावरच सुचलं.

गेल्या आठवड्यात या बैठकीसाठी मी तिला पुन्हा विचारलं. तुझ्यासारख्याच बाया आहेत, चादर बांधून बघणार, बाहेर कुठं जाणार नाही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, यंदाची उचल घेऊन झालीय, दसऱ्यानंतर गाडी निघायचीय. बैठकीला कोणाच्या घरचं कोण येईल, सांगता येतं का? पट्टा पडू दे, परत आल्यावर बघू. आधी मला एकटीला दाव.

तिनं तो अजून बघितलेला नाही. तो माझ्या फोनमध्ये आहे. बैठक आटोपली की मी तिकडंच निघणार आहे, साडेपाचची गाडी मिळाली तर. तोवर चहा होईल आणि आपल्याकडं तीन फोन आहेत. मुलींनी तीन गट करा. प्रत्येक गटानं घरात रोज दिसणारी एकच हालचाल निवडायची, एका पानावर लिहायची, 'आत, ठिकाण, वेळ' डोक्यावर. बोलणं नको. आणि जिची हालचाल असेल तिला आधी वाचून दाखवा.